तीन तारे

हडर्सफील्डमध्ये चार वाजताच अंधार पडतो.
गुडघा बदलून तिसरा आठवडा,
आणि मी न्हाणीघरात धरायला दांडा शोधतेय,
पाय उशीवर, चष्मा कपाळावर, फोन नाकाशी.

पाच तारे : ‘अप्रतिम!’
पाच तारे : ‘लवकर आलं. खोकं छान होतं.’
अरे बाबा, मला खोक्याला धरून उठायचंय का?
एक तारा : ‘फालतू. पैसे पाण्यात.’
कुठल्या पाण्यात, किती खोल, ते नाही.
सगळं मोघम. स्थळ सुचवताना मुलाबद्दल सांगतात तसं :
‘घरचे चांगले आहेत.’

मग सापडली ग्वेनिथ, रेक्समची. तीन तारे.
‘भिंत १९०४ची, आत नुसता भुसभुशीत चुना.
सोबतचे स्क्रू आखूड; मी साडेतीन इंची आणले.
आई ब्याऐंशीची, वजन अकरा स्टोन,
उजव्या हाताची पकड गेलेली, म्हणून डावीकडे बसवला.
साबणाच्या हातातून निसटत नाही, स्वतः करून पाहिलं.
पांढरा म्हणतात, पण सहा महिन्यांत चहाच्या रंगाचा होतो.
भाऊ म्हणाला, तिरका लाव.
ऐकू नका. आडवाच लावा.’

मी उठले (कशी, ते विचारू नका)
आणि आमच्या भिंतीवर टिचकी मारली.
आतून चुना खोकला.

खाली दोन वर्षांनंतरची भर :
‘आई आता आंघोळीलाच नको म्हणते.
अंग पुसून घेते माझ्याकडून.
दांडा जागचा हललेला नाही.
त्यावर टॉवेल वाळतो.’

बराच वेळ मी त्या टॉवेलकडे बघत बसले.

‘हे उपयोगी पडलं का?’
एक्केचाळीस जणांना पडलं होतं.
एक्केचाळीस जण, कुठल्या कुठल्या गावात,
रात्री आपापली भिंत ठोकून पाहणारे.
मी बेचाळिसावी.

दांडा आला. शेजारचा डेस्मंड ड्रिल घेऊन आला.
‘तिरका लावूया का?’ त्यानेही विचारलंच.

आज मी लिहायला बसलेय :
‘उंची पाच फूट. एक गुडघा नवा, एक जुना.
स्क्रू अजून आखूडच येतात.
सकाळी हाताला गार लागतो, तरी धरा.
रेक्समच्या बाईचं सगळं खरं आहे,
चहाचं सोडून; ते कळायला अजून पाच महिने आहेत.’

तारे किती द्यायचे,
तिथे अडलेय.