हाताची प्रत

शिवडीच्या गाळ्यात, फेब्रुवारीत, अकरा दिवस
आम्ही कॅमेऱ्याला चिकू दाखवले.
फिलोमिनाने चांगले धरले, मी खराब.
असं कोणी ठरवलं नव्हतं;
खराब मालाचं क्रेट माझ्या बाजूला होतं, एवढंच.

चेपलेले, चीक सुकलेले, देठाशी मऊ पडलेले,
घोलवडहून येता येता वाटेतच ज्यांचं वय झालं ते.
एकेक तळव्यावर घ्यायचा, फिरवायचा.
नखाने खरवडून बघू नका, निमिष सांगायचा,
त्याला नखं नाहीत.
काळ्या खोक्यातला दिवा लखकन पेटायचा.
"पुढचा."
चार हजारांनंतर मी मोजणं सोडलं.
रात्री भाकरी थापतानाही
मनात कोणीतरी "पुढचा" म्हणायचं.

एप्रिलात यंत्र एकटं बघायला लागलं.
आम्ही फक्त पट्ट्यावर ओतायचं.
एकदा जेवणाच्या सुट्टीत, पट्टा रिकामा,
अडकलेलं पान काढायला मी हात घातला
तर लाल दिवा. पडद्यावर: रद्द.
आणि ती फळी येऊन बोटांना हळूच ढकलून गेली
कडेच्या टोपलीकडे.

फिलोने डबा बाजूला ठेवला, हात पुसला,
घातला.
हिरवा. प्रत अ. सत्त्याण्णव टक्के.
"माझ्या सासूला दाखव गो हे," म्हणाली,
आणि इतकी हसली की ठसका लागला.
मीही हसले. जरा उशिरा.

निमिष कानामागे खाजवत म्हणाला,
मावशी, चूक माझी.
त्याने चिकू पाहिलाच नाही.
तुमच्या मनगटावरचा काळा दोरा पाहिला
आणि ठरवलं, दोरा दिसला की माल खराब.

असं बघणारे मला आधीही भेटलेत.
त्यांच्याकडे दिवे नव्हते, एवढंच.

आता हात कापून टाकतो, म्हणाला.
मग घाईघाईने: फोटोतले, मावशी, फोटोतले.

तो चहाला गेला.
मी दोरा सोडला. गाठ जुनी, दातांनी ओढावी लागली.
फिलोच्या मनगटावर बांधला.
तिची मण्यांची माळ माझ्या हातात आली,
अजून कोमट.
आणि दोघींनी दोन हात
एकदमच पट्ट्यावर ठेवले.

दिवा पेटला. विझला. पेटला.
पडद्यावर बराच वेळ काही नाही.
मग अक्षरं आली:
पुन्हा ठेवा.

आम्ही पुन्हा ठेवले.