ड

केंद्रापाड्याच्या पुढे, जिथे नदी खारी लागायला सुरुवात होते,
तिथे माझं अंगणवाडी केंद्र. भिंतीवर हत्ती, अननस, आणि ओल.
यंदा नावं दुरुस्त करायचं काम आमच्या गळ्यात.
एक रजिस्टर, दोन पेनं, पोलांगच्या सावलीत स्टूल.
मी लबंगलता. लवंगेचा वेल.
बापानं लवंग पाहिलेली, वेल कधीच नाही.

आधी आल्या गुरुबारी, सुकुरी, मागोमाग शनिआ:
जन्मले त्या वाराला बांधलेली माणसं,
खुंट्याला गाय बांधावी तशी.
गुरुबारीला वय विचारलं, तर म्हणाली,
"साल हरवलं गं. वार आहे माझ्यापाशी."

मग मागुणी बेहेरा. देवीपाशी मागून घेतलेला.
"दिलं तिनं," म्हणाला, "पण मोजून,"
आणि अंगठ्याच्या शाईसाठी पुढे केला
जन्मापासून तीन बोटांचा हात.

नाकफोडी परिडाच्या पांढऱ्या मिशीवर
उजव्या नाकपुडीत अजून ते बारीक भोक.
आधीचे तिघे गेले, म्हणून चौथ्याला नथ घातली.
यम आला, पोरगी बघून परत गेला.
"त्र्याऐंशी झाली. अजून घर शोधतोय मेला!"

अनाम चरणचा फॉर्म ब्लॉक ऑफिसातून तीनदा परत:
नाव भरलेलं नाही.
तिन्ही वेळा आम्ही भरलं होतं: अनाम.

चौथ्या दिवशी, ऊन उतरताना, हाडिबंधू स्वाईं.
सोबत नात आद्याशा, भुवनेश्वरला शिकणारी.
"मावशी, एकच अक्षर. ड चा र करा.
हरिबंधू. आजोबांना बँकेत हाक मारतात
तेव्हा लोक वळून बघतात."

म्हातारा खाली बसला. गुडघे वाजले.
"दोन जन्मून गेली माझ्याआधी.
एकविसाव्या दिवशी आईनं मला मागच्या दारी
हाडिआणीच्या पदरात टाकलं. तुझा झाला, म्हणाली.
मग मूठभर कणी देऊन परत विकत घेतला.
मधल्या वेळात मी रडलो, तर तिनं पाजलं मला.
तेवढं मात्र आई कुणाला सांगायची नाही."

"मग जगलात," मी म्हटलं.

"जगलो. झाडूवालीचं पोर मरणसुद्धा उचलत नाही, असं समजायचे.
उचलायचं. तिची स्वतःची चार उचलली.
तिनं कुणाला विकायची?
आणि आमच्या ओसरीची पायरी
तिला शेवटपर्यंत चढू दिली नाही कुणी.
मीही नाही. मी तर चांगला मोठा होतो."

आद्याशा मोबाईलकडे बघत होती, मोबाईल बंद होता.
मी विचारलं, "तिचं नाव काय होतं?"
त्यानं तोंड उघडलं.
पोलांगचं एक फळ पडलं, घरंगळत स्टुलाखाली गेलं.
"हाडिआणी म्हणायचे," तो म्हणाला. "सगळेच."

फॉर्म तसाच ठेवला मी, ड वर पेन टेकवून.
शाईचा एक ठिपका तेवढा पडला.

दुसऱ्या दिवशी केंद्र उघडायच्या आधीच पायरीवर बसलेला,
एकटा, धोतराला बांधाचा चिखल.
"त्यांच्या वस्तीत जाऊन आलो. पंच्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा.
तिचा नातू ट्रॅक्टर चालवतो. खुर्ची दिली मला, चहा दिला.
प्यालो." थोडा थांबला.
"सेबती. शेवंतीचं फूल असतं ना, ते."

मी रजिस्टर वरखाली पाहिलं.
वडील, आई, पती, वारस, ओळखीची खूण.
"कुठे लिहू, आजा? हिच्यासाठी रकाना नाही."

"नको लिहू. ड राहू दे.
आणि एकदा मोठ्यानं म्हण. माझे कान गेलेत."

म्हटलं.
"पुन्हा," म्हणाला तो.