पंपहाऊसमागचा वाफा

आधी चांदीला कळलं.
परभणीत, नाल्याकाठच्या आमच्या गल्लीत
चांगुणाबाईची जोडवी काळी पडली,
मग अकीलाच्या पोरीचे पैंजण.
सराफ म्हणाला, चांदी खोटी.
चांगुणाबाई म्हणाली, चांदी माझ्या मायची हाय,
खोटी असंल तर ही हवा.

मी तिथंच, पंपावर, रात्रपाळीला.
टाकीचं झाकण उचललं की
पोतंभर अंडी एकदम फुटावीत तसं.
डबा फाटकाबाहेर बाभळीला टांगायचो,
तरी पिठल्यात यायचंच ते.

मग विद्यापीठातल्या जोंधळे मॅडम आल्या.
खड्ड्यात भोकं पाडलेले पाइप,
वर दोन ट्रॉल्या काळी माती, थोडा भुसा,
आणि खालून पंख्यानं ढकललेली
टाकीची सगळी घाण हवा.
“औषध कोणतं घालायचं?”
“काही नाही. जिवाणू मातीत आहेतच.
गंधक खाणारे. त्यांना जेवू द्या.”

अठराव्या रात्री मी वाफ्यावर वाकलो.
काहीच नव्हतं.
गिरणी थांबल्यावरच कळतं ना,
इतका वेळ ती चालू होती,
तसं.

मेमध्ये नळ दहा दिवसांनी.
वाफ्याला भेगा पडल्या, भेगांतून वास निसटला.
माझ्या ड्रममधली बादली मी तिथं ओतली.
बायको म्हणाली, माणसं तहानलेली
अन् तुम्ही मातीला पाजता?
काय सांगणार.
माझ्याच पाळीचे ते,
त्यांनाही रविवार नाही.

पण आंबट टाकतात मागे.
मॅडमचा निळा कागद लाल झाला,
म्हणाल्या, चुना मिसळा.
मी टपरीवर अर्धं पोतं मागितलं तर
लिंबाजी हसून हसून बेजार:
एवढं पान कुणाला खाऊ घालतो रे?

दिवाळीनंतर माती बदलली.
जुनी चार घमेली चांगुणाबाईनं नेली,
फुटक्या टबात कांदा लावला.
कापताना डोळ्यांतून धारा.
पदरानं नाक पुसत म्हणाली,
कुठं गेला म्हणत होतास वास?
ह्यो बघ. शाळा शिकून आला.

एक जोडवं तिनं राखेनं घासलंय,
दुसरं तसंच, काळं.
का, ते सांगत नाही.
जाता-येता मी तिच्या पायांकडं बघतो,
मग वर, पंख्याकडं.
घरघर चालू आहे.