खळ

नळ इथे चार दिवसांनी येतो,
म्हणून हात बरबटायचा वारसुद्धा
नळच ठरवतो.
आज पहाटे तीनला आला.
गोदाक्कानं पिंप भरलं, दोन बादल्या, कळशी,
शेवटी चहाचं पातेलंही.
चला, आज परात काढू या.

प्रशिक्षणात सांगितलं होतं :
पांढरा गोंद, बोरॅक्सची पूड, चमकी.
आमची पोरं हाती लागेल ते आधी चाटतात.
आणि खर्चाच्या वहीत ‘चमकी’ लिहिलं
तर पर्यवेक्षिकाबाई चष्मा काढून बघतील.
मी मक्याचं पीठ आणलं, दोन वाट्या,
एक वाटी पाणी,
रंगाला कालच्या बिटाचा रस.

बुक्की मारली की दगड.
बोट सावकाश सोडलं की दूध.
मुठीत आवळलं तर ढेकूळ,
मूठ उघडली रे उघडली
की कोपरापर्यंत ओघळ.
“बाई, हे जित्तं हाय का मेलेलं?”
रेवणनं विचारलं.
बारा वर्षांच्या नोकरीत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
म्हटलं, तूच विचार त्याला.
त्यानं वाकून परातीला कान लावला.
कान गुलाबी.

सहस्रा चिप्पा दाराशी.
तीन आठवडे दाराशीच,
दोन्ही हात फ्रॉकखाली, उसने आणल्यासारखे.
घरात सूप, सुपात तंबाखू, भिजवलेली पानं, कात्री,
हजार बिड्यांचा हिशेब.
हाताच्या टप्प्यात जे जे, ते ते
मुट्टकु.
शिवू नको.
माझं तेलुगू एवढंच,
तेही भिंतीपलीकडून ऐकून.

अकराला राजेशम आजोबा न्यायला आले, तासभर आधीच.
गिरणीत सायझिंगला होते.
गिरणी गेली, शर्टाची कडक इस्त्री राहिली.
परात बघून थांबले.
मला वाटलं, आता बोलणी.
त्यांनी दोन बोटं बुडवली,
अंगठ्यावर घासली, डोळे मिटून.
“पातळ हाय खळ,” म्हणाले
आणि चपला काढून पोरांत बसले.

मग सांगत राहिले, कुणाला ते कळेना :
सुताला खळ पाजायची म्हणजे
दोरा पिऊन ताठ व्हावा,
पण शेजारच्या दोऱ्याला चिकटू नये.
हात घालूनच कळतंय ते.
मीटर होता की.
मीटर साहेबाला दाखवायला.

रेवणचा हात त्यांच्या हातावर,
त्यावर आणखी कुणाकुणाचे,
नुसता ढीग.
त्यात एक बारकं मनगट कुणाचं
ते मी शोधत होते.
“जिगट,” कुणीतरी म्हणालं.
तो आवाज या खोलीत कुणी ऐकला नव्हता.
“चिकट,” रेवण म्हणाला.
“जिगट,” ती म्हणाली, त्याच्याकडे न बघता,
कोपरापर्यंत आत.
दोघं त्यावरून भांडले, बराच वेळ.
मी मध्ये पडले नाही.

हात धुण्यात दीड बादली गेली,
उरलेल्यात फरशी, तीही अर्धीच.
बालमणी चिडली. चिडणारच.
फ्रॉक वाळून पुठ्ठा,
आणि पुढचं पाणी सोमवारी.
मी काय बोलणार?
तंबाखूनं पिवळ्या पडलेल्या अंगठ्यानं
तिनं लेकीच्या दंडावरचा पापुद्रा खरवडला.
चुरा झाला. फुंकला.
“पिंडी,” म्हणाली, स्वतःशीच.
पीठच आहे की.

मंगळवारी फ्रॉक धुऊन आला.
पिशवीत शेंगाचटणीची बरणी :
आजोबांनी रात्री शिजवलेली मैद्याची खळ,
दाट, एकसारखी,
औषधालाही गुठळी नाही.
झाकण निघालं तोच रेवणचं बोट आत,
तिथून तोंडात.
“बाई,” तो नाक ओढत म्हणाला,
“ही तिखट हाय.”