शेपटाचा घेर

मोबाइल पुढे धरून पुष्पलता वाडिले म्हणाली,
"काकू, अस्सा."
कुठल्याशा किनाऱ्यावर एक गोरी नवरी,
कमरेपासून खाली मासोळी,
मागे निळं पाणी.

शहाद्यात माझं मशीन आहे. समुद्र मी पाहिलेला नाही.
तिनेही नाही.
तिचा होणारा नवरा सुरतेला जरीच्या कारखान्यात,
तो सांगतो, तापी शेवटी तिकडेच येते.
म्हणून लग्न नदीच्या वाळूवर, बॅरेजच्या खालच्या अंगाला,
आणि नवरी जलपरी.

कमर अठ्ठावीस, सीट छत्तीस.
मग गुडघा. आजवर नवरीच्या गुडघ्याचं माप
मला लागलं नव्हतं.
तिथवर आवळायचं, तिथून सोडायचं.
घेराच्या काठात नायलॉनची जाड दोरी,
ती तिच्या बापाच्या गळाच्या पेटीतून आली.

निळा कापडा मी दारातल्या उन्हात धरला
आणि म्हटलं, पोरी, आपल्या पाण्यात हा मासा भेटायचा नाही.
शेवाळी घेतला,
मार्चातली तापी डोहात दिसते तसा,
ओल्या मेंदीच्या जरा अलीकडचा.

टिकल्या सुरतेहून किलोवर आल्या.
चौदा रात्री कमरेपासून खाली लावत गेले,
ओळीवर ओळ.

पंधराव्या दिवशी तिचा बाप आला, मगन भोई.
दारातच उभा, हात पाठीमागे,
मासळीचा वास कापडाला लागू नये म्हणून.
बराच वेळ नुसता बघत राहिला.
मग राहवेना. एक बोट पुढे केलं, हवेतच.
"ताई, खवले उलटे लागी गयात.
आशी मासोयी धारमा पव्हस नही."

मी तळहात कमरेवरून खाली फिरवला.
प्रत्येक ओळीला बोटं अडली.

चौदा रात्री उसवल्या.
घरातले म्हणाले, कोण बघणार आहे?
म्हटलं, एक माणूस बघणार आहे.
आणि शेपटाच्या टोकापासून वर चढायला लागले.

लग्नाच्या दिवशी वाळूत केळीचे खांब,
धुळ्याच्या डेकोरेटरचे प्लास्टरचे शंख,
थर्माकोलचे तारामासे
वाऱ्याने उडून टरबुजाच्या वाडीत गेले,
वाडीवाल्याच्या पोरांनी परत दिले नाहीत.
खुर्च्यांचे पाय रुतले, मोठे मामा पडले.
कपाळावरची शिंपली तेवढी खरी,
पुलाखालून वेचलेली,
भोक पाडताना माझ्याकडून दोन फुटल्या.

भटजी म्हणाले, नवरीने उजवं पाऊल पुढे टाकावं.
पाऊल?
मांडवात कुणीतरी खुसकन हसलं.
व्याही खाली बघू लागले.

मी जागची हलले नाही. तिला ठाऊक होतं.
गुडघ्याखालच्या डाव्या शिवणीत अकरा हुक,
फोटोत नसलेले.
ती वाकली, एकेक सोडत गेली.
अकरावा अडला, तो तिने दाताने नाही,
सरळ ओढून तोडला.
शेपूट फाकलं, पिवळं अस्तर दिसलं,
आणि टाचांना चिखल वाळलेले दोन पाय.

सात पावलं चालली.
मागे वाळूत एक रुंद रेघ,
घोरपड गेल्यासारखी.

शिलाईचे नऊशे राहिले होते.
आठवड्याने मगन आला,
पैसे मोजून दिले, वर पेपरात गुंडाळलेला एक रोहू.
या वेळी हात पुढे होते.
आमच्याकडे मासे खात नाहीत, हे त्याला माहीत नव्हतं.
मी नाही म्हटलं नाही.

शेजारी देण्याआधी पेपर उघडला,
डोक्यापासून शेपटापर्यंत
तळहात फिरवला.
कुठेच अडला नाही.

हात दोनदा धुतले. वास रात्रीपर्यंत होता.
कुणाच्या तरी मोरपिशी ब्लाउजची बाही
त्याच हातांनी जोडली.