वाचलो-वही

सातपूरला, बंद पडलेल्या वॉशर कारखान्याच्या शेडमध्ये
आमचं सगळ्यांचं मिळून एक वर्कशॉप आहे.
महिन्याला तीनशे रुपये, चहा ज्याचा त्याने.
किल्ली माझ्याकडे,
म्हणून शिव्याही माझ्याच वाट्याला.

एक लेथ, साधारण माझ्याच वयाचं.
एक ड्रिल, वेल्डिंगचा सेट, धारेचं ग्राइंडर,
आणि लाकूड कापायची चकती, जिच्यासमोर ढेपलेमामा
स्लीपर घालून उभे राहतात.
मी बोललो की पाय पुढे करून दाखवतात :
मोज, दहा आहेत.

भिंतीवर पाट्या आहेत.
पेंटरनं 'सुरक्षा'मधला क्ष इतका देखणा काढलाय
की माणसं अक्षर बघतात
आणि तसंच उघड्या डोळ्यांनी ठिणग्यांपुढे बसतात.

मग मी एक वही टांगली, सुतळीनं, पेनासकट.
वर लिहिलं : लागलं असतं, पण वाचलो,
अशा गोष्टी इथे लिहा. नाव नसलं तरी चालेल.
दोन महिने तिच्यात
फक्त पेन चालतंय का बघायच्या रेघोट्या होत्या.

पहिली नोंद तबस्सुमची. नावासकट.
"ड्रिलच्या चकमध्ये चावी विसरले. बटण दाबलं.
चावी कानाजवळून गेली. मागच्या पत्र्याला पोचा. वाचले."
तिनंच खडूनं त्या पोच्याभोवती गोल काढला.
दुसऱ्या दिवसापासून जो येई तो
आधी तिथे बोट लावून बघे,
मग स्वतःच्या कानाला.

त्यानंतर वही बोलायला लागली.
थिनरचा डबा वेल्डिंगपासून दोन हातांवर होता, झाकण नव्हतं.
एक्स्टेन्शनची वायर जिथे चिकटपट्टी तिथेच गरम होते.
वाळूच्या बादलीत विड्यांची थोटकं आहेत, वाळू कमी.
"बायडिंग तार उडाली डोळ्याखाली लागली आईला सांगू नका."
मी वाचायचो, दुरुस्त करायचो, पुढे बरोबरची खूण करायचो.
खुणा करणारा माणूस
हळूहळू स्वतःला वहीच्या बाहेरचा समजायला लागतो.

ऑक्टोबर छाटणी आली.
दिंडोरीकडचे लोक पोत्यानं कात्र्या आणतात धार लावायला.
एक कात्री अडत होती, लांब दांड्याची, जुनी.
रात्रीचे साडेनऊ. माणूस दारात, जीप चालू.
मी ग्राइंडरचं गार्ड काढलं,
दोन नट, दोन मिनिटं,
धार लावली, पन्नास रुपये घेतले,
गार्ड फळीवर ठेवलं
आणि कुलूप लावून घरी आलो. छान झोपलो.

सकाळी दुसऱ्या किल्लीनं ओंकार पगारनं शेड उघडलं.
आयटीआयचा पोरगा, एकोणीस वर्षांचा.
मी पोचलो तेव्हा तो पायरीवर बसून
चष्मा पुसत होता. पुसून न जाणाऱ्या तड्यावर
फडकं फिरवत होता, फिरवत होता.
आत वही उघडी होती :
"दगड फुटला. तुकडा चष्म्यावर. गार्ड नव्हतं.
कोणी काढलं माहीत नाही. वाचलो."

त्याला मी विचारलं, चष्मा कसा काय घातलास?
म्हणाला, काका, तुम्ही ओरडता म्हणून.

पेन सुतळीला होतं. सुतळी तोकडी आहे,
उभ्यानं लिहायचं तर मान वाकवावी लागते.
खाली लिहिलं : मी काढलं. रात्री. पन्नास रुपयांसाठी.
नाव लिहिलं. निवृत्ती गांगुर्डे.
पुढे खूण करायची जागा होती.
ती तबस्सुमनं केली, पण चार दिवसांनी,
नवा दगड बसल्यावर, नटांवरून स्वतः पाना फिरवून बघून.

ढेपलेमामांनी वही त्या दिवशी उभ्यानंच वाचली, चष्मा वर करून.
काही बोलले नाहीत.
सोमवारी जावयाचे बूट घालून आले.
दोन नंबर मोठे आहेत,
चालताना टाचेपाशी टपटप वाजतात.
आता त्यांच्या अडखळून पडण्याची
मला वेगळी काळजी आहे.
लिहून ठेवली आहे.