दृश्यबिंदू क्रमांक सात

कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर,
माणसाचा डोळा तिथं असतो, असं नियमावली म्हणते.
इद्वल प्रिचर्ड खुर्चीत बसतात.
त्यांचा डोळा हातभर खाली.
मी तिपाई खाली घेते.

खिडकीतून दिसतं ते लिहिते :
ओक एक, हॉथॉर्नचं कुंपण, दगडी गडगा,
मेंढ्या (हंगामी), नदी (ऐकू येते, दिसत नाही),
आणि वळणावर कुशीला वळून पडलेला रस्ता,
त्याच्या पाठीवर रंगवलेलं ‘आराव’.
हळू. इथं वेल्श आधी, इंग्रजी मग.

नव्या आराखड्यात वळण नाही.
परिणाम : मध्यम, प्रतिकूल.
लावलेली झाडं वाढल्यावर, पंधराव्या वर्षी : किरकोळ.
“पंधराव्या,” चौऱ्याऐंशी वर्षांचे इद्वल म्हणतात
आणि केकची ताटली माझ्याकडे सरकवतात.

महिनाभर मी इंजिनिअर मेर्विनशी हुज्जत घातली.
रस्ता चार मीटर पश्चिमेला घे, ओकची मुळं तुडवू नकोस.
कापलेल्या उताराची धार बोथट कर.
दिव्यांचे खांब नकोत.
गडग्याचे दगड खडूनं आकडे घालून उतरव,
पुन्हा रचताना दगडफुलाची बाजू बाहेर ठेव.
तीन मीटर मिळाले. खांब गेले.
दगडफुलाला तो हसला,
मग वहीत लिहून घेतलं.

आज तेच सांगायला आले.
“ओक राहिला? बरं झालं,” म्हणाले,
आणि छताकडे बोट केलं.

“रात्री वळणावर गाडी आली की उजेड इथून शिरतो,
कपाटावरून, घड्याळावरून, पार दारापर्यंत.
नेस्टा पडल्यापडल्या ओळखायची.
दुधाचा टँकर सावकाश. डॉक्टर घाईत.
आमचा ग्लिन खाणीवरून यायचा तेव्हा
त्याच्या गाडीचा एक दिवा गेलेला,
अर्धंच छत उजळायचं.
मग ती कूस बदलून झोपायची.”

सरळ रस्त्यावरून उजेड सरळ जाईल.

माझ्या तक्त्यात एक रकाना आहे,
घरात येणारा गाड्यांचा झोत.
तिथं मीच लिहून ठेवलंय : बंद होईल. अनुकूल.
खोडायचं तर कारण द्यावं लागतं,
आणि कारणाला जागा दीड ओळ.

बाहेर अंधारत आलंय. मी वही मिटते.
“थांबा जरा,” इद्वल म्हणतात, “सहाची बस यायचीय.”
खोलीतला दिवा ते स्वतः उठून बंद करतात.

आम्ही दोघं वर पाहत बसतो.